डोळ्याचा पडदा बसवायची हत्यारं : बाहेरच्या बाकावरून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात डोळ्यांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये हत्यारांची ट्रॉली लावायचं काम मी करतो. वडील इथल्या उद्यमनगर या कारखान्यांच्या वसाहतीत टर्नर (लेथवर काम करणारे) होते, त्यामुळे 'हत्यार' हा शब्द मला जड वाटत नाही. सर्जन मंडळी 'इन्स्ट्रुमेंट' म्हणतात. आत पेशंट आणि बाहेर बाकावर नातेवाईक असले की जे प्रश्न येतात, ते इथे एकत्र केले आहेत. मी डॉक्टर नव्हे. कुणाला कोणतं ऑपरेशन लागेल ते तपासणारे डॉक्टरच सांगणार.

पडदा 'सरकला', 'फाटला', 'सुटला' म्हणतात. यातलं खरं काय?

आधी फाटतो, मग सुटतो. सरकत काही नाही, पण आपल्याकडे तो शब्द रुळलाय.

पावसाळ्यात भिंतीत ओल शिरली की गिलाव्याचा पोपडा सुटतो, तसंच हे. पडदा म्हणजे दृष्टिपटल, जेमतेम पाव मिलिमीटर जाड आणि कडेला त्याहून पातळ. तो डोळ्याच्या मागच्या भिंतीला आतून लागून असतो. डोळ्याच्या पोकळीत साधारण चार मिलिलिटर पारदर्शक जेल असतं. वय वाढलं की हे जेल आकसतं आणि पडद्यापासून सुटं व्हायला लागतं. बहुतेकांच्या बाबतीत ते गुपचूप सुटतं. काहींच्या बाबतीत एखाद्या जागी चिकटून राहतं, ओढ बसते आणि पडद्याला फट पडते. त्या फटीतून पाणी मागे शिरतं आणि पोपडा उचलला जातो.

डोळ्यापुढे वीज चमकल्यासारखं होणं, अचानक काळे ठिपके किंवा जाळं तरंगायला लागणं, मग एका कडेने सावली चढत येणं, ही त्याची लक्षणं. दुखत मात्र अजिबात नाही, आणि घात तिथेच होतो. दाढ दुखली तर माणूस रात्री दवाखाना शोधतो; इथे 'बघू, ऊस तुटून जाऊ दे' म्हणत आठवडा जातो. चष्म्याचा मोठा मायनस नंबर, आधी झालेलं मोतीबिंदूचं ऑपरेशन, डोळ्याला बसलेला मार (तालमीत बसलेलं कोपरसुद्धा), घरात कुणाला झालेलं असणं, यांपैकी काही असेल तर ही लक्षणं त्याच दिवशी दाखवायची.

"पडदा शिवत्यात व्हय?"

नाही. ओल्या टिश्यू पेपरला टाका धरत नाही, तसं आहे. टाके पडतात ते डोळ्याच्या बाहेरच्या पांढऱ्या भिंतीला. आतलं काम तीन गोष्टींवर चालतं: भोक शोधायचं, त्याच्या कडेला मुद्दाम व्रण करून तो भिंतीशी जोडायचा आणि व्रण पक्का होईपर्यंत आतून किंवा बाहेरून टेकू द्यायचा. ट्रॉलीवरचं प्रत्येक हत्यार यांपैकी एका कामाचं, नाहीतर त्या कामापर्यंत वाट करून देणारं.

यातलं सगळ्यात महत्त्वाचं हत्यार कोणतं?

सगळ्यांना वाटतं लेसर. माझ्या मते डॉक्टर डोक्याला बांधतात तो दिवा.

स्वित्झर्लंडमधल्या लोझान गावच्या ज्यूल गोनिन यांनी १९२० च्या दशकात दाखवून दिलं की पडद्यातलं भोक हेच मूळ कारण आहे आणि ते बंद केल्याशिवाय पडदा बसत नाही. त्याआधी पडदा सुटला की डोळा जवळपास गेलाच, असं धरून चालत. गोनिन तापवलेल्या टोकाने बाहेरून डाग देऊन भोक बंद करायचे. आपल्याकडे जुनी माणसं जनावराला डागणी द्यायची ते आठवेल, पण यांचा डाग भोकाच्या नेमक्या जागी पडावा लागे. त्यासाठी भोक दिसायला हवं, आणि ते बहुतेक वेळा कडेला, बुबुळाच्या आड लपलेलं असतं.

ती अडचण सोडवली बेल्जियमच्या चार्ल्स शेपेन्स यांनी. दुसऱ्या महायुद्धात ते नाव बदलून पिरेनीज डोंगरातल्या एका गावात लाकडाची वखार चालवत होते आणि त्या आडून माणसांना सीमेपार स्पेनमध्ये पोचवत होते. युद्ध संपल्यावर त्यांनी दोन्ही डोळ्यांनी, खोलीसकट पडदा दिसेल असा डोक्यावर बांधायचा ऑप्थॅल्मोस्कोप बनवला. आज ओपीडीत तुम्हाला आडवं झोपवून, डोक्यावर दिवा आणि हातात भिंग घेऊन, बोथट काडीने पापणीवरून डोळा दाबत डॉक्टर बघतात ना, त्या तपासणीचं मूळ तेच. त्या दाबण्याने कडेचा पडदा आत ढकलला जाऊन नजरेच्या टप्प्यात येतो. पेशंट कुरकुरतात. पण एक भोक नजरेतून निसटलं की पुढची सगळी हत्यारं फुकट जातात, तेव्हा ती काडी सोसा.

'२५ गेजचं ऑपरेशन' म्हणजे काय? मोठा आकडा म्हणजे भारी ऑपरेशन का?

हा प्रश्न उद्यमनगर किंवा शिरोली एमआयडीसीतल्या माणसाने विचारला की मला बरं वाटतं, कारण उत्तर त्याच्या खिशातच असतं. तारेचं किंवा पत्र्याचं गेज जसं, तसंच हे: आकडा वाढला की जाडी कमी. २० गेज म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटर, २३ म्हणजे ०.६, २५ म्हणजे ०.५ आणि २७ म्हणजे ०.४. वायर गेजच्या तक्त्याशी जवळपास जुळतं, ताडून बघा.

पडद्याच्या ऑपरेशनला डोळ्याच्या पांढऱ्या भागात तीन बारीक वाटा पाडतात. एकीतून सलाइनसारखं द्रावण सतत आत येत राहतं, नाहीतर डोळा हवा गेलेल्या फुग्यासारखा बसेल. दुसरीतून दिवा जातो, तिसरीतून काम करायचं हत्यार. वाटेची जागा कॅलिपरने मोजून घेतात: बुबुळाच्या कडेपासून साडेतीन ते चार मिलिमीटर. पुढे गेलं तर डोळ्यातल्या भिंगाला धक्का, मागे गेलं तर खुद्द पडद्याला. मध्ये ही एवढीच पट्टी मोकळी असते. टर्नरच्या पोराला या मोजमापाचं अप्रूप वाटणारच.

पूर्वी २० गेजला कातडं उचलायचं, छेद घ्यायचा आणि शेवटी टाके घालायचे. २००० नंतरच्या दशकात २५ आणि २३ गेजची ट्रोकार-कॅन्युला पद्धत आली. टोकदार ट्रोकारवर बसवलेली नळी तिरकी आत सारायची, ट्रोकार काढून घ्यायचा, नळी तिथेच राहते. हत्यारं तिच्यातून ये-जा करतात. वाट तिरकी असल्यामुळे नळी काढल्यावर बहुतेक वेळा आपोआप मिटते. झिरपत असेल तर एखादा टाका घालतात.

बारीक म्हणजे चांगलंच, असं मात्र समजू नका. बारीक हत्यार लवचिक होतं, कडेला नेताना वाकतं, आणि पडद्याला टेकू म्हणून भरायचं घट्ट तेल बारीक नळीतून जायला वेळ घेतं. गेज सर्जनच्या हातावर आणि डोळ्याच्या अवस्थेवर ठरतं.

कटर काय करतो? जेल नुसतं ओढून का काढत नाहीत?

कारण तेच जेल पडद्याला चिकटलेलं असतं. ओढलं तर पडदाही येईल. म्हणून आधी कापायचं, मग चोखायचं.

कटरची रचना साधी आणि देखणी आहे. बाहेरची नळी टोकाला बंद, बाजूला एक खिडकी. आत दुसरी नळी मागे-पुढे सरकते. मागून ओढ लागली की जेलचा तुकडा खिडकीत येतो, आतली नळी पुढे येऊन तो छाटते आणि तुकडा नळीतून बाहेर जातो. अडकित्त्याने सुपारी कातरावी तसं, फक्त मिनिटाला हजारो वेळा. आजच्या मशिनांवर १०,००० चा वेग सर्रास मिळतो, म्हणजे सेकंदाला दीडशेच्या वर. दोन्ही बाजूंनी कापणारी पाती २०,००० पर्यंत जातात. वेग जितका जास्त तितका घास लहान, आणि घास लहान तितकी पडद्याला ओढ कमी. बऱ्याच मशिनांत हे पातं दाबाच्या हवेवर चालतं, म्हणून थिएटरबाहेर कॉम्प्रेसर किंवा सिलिंडर असतो. त्याचा दाब मी सकाळी सगळ्यात आधी बघतो.

जर्मनीत जन्मलेल्या रॉबर्ट माखेमर यांनी अमेरिकेत मायामीला १९७० मध्ये बंद डोळ्यात हे काम करून दाखवलं. तोवर डोळ्यातल्या जेलला हात लावायचा नाही, असा दंडकच होता. सुरुवातीचा नमुना त्यांनी घराच्या गॅरेजमध्ये अंड्यातल्या पांढऱ्या भागावर चालवून पाहिला. उद्यमनगरातल्या शेडमध्ये उभी राहिलेली मशिनं ज्यांनी पाहिलीत त्यांना याचं नवल वाटायला नको.

पारदर्शक जेल दिसत कसं, असंही विचारतात. ट्रायमसिनोलोन नावाच्या औषधाचे पांढरे कण आत सोडतात, ते उरलेल्या जेलला चिकटतात.

एवढ्या बारीक भोकातून आतलं दिसतं कसं?

दिवा आतून, डोळे वरून मायक्रोस्कोपला, आणि मध्ये रुंद कोनाचं भिंग. या भिंगात चित्र उलटं दिसतं, ते सुलटं करणारा भाग मायक्रोस्कोपला जोडलेला असतो. तो लावायला विसरलं तर सर्जन काय बोलतात ते इथे लिहिण्यासारखं नाही.

लेसर आणि क्रायो यांत फरक काय?

एक भाजतो, एक गोठवतो. काम दोघांचं सारखंच: भोकाभोवती व्रण.

लेसर हिरव्या उजेडाचा असतो आणि बारीक तंतूतून डोळ्याच्या आत नेतात. भोकाच्या कडेने पांढरट टिंबांच्या दोन-तीन ओळी देतात. मात्र पडदा भिंतीला टेकलेला असेल तरच डाग धरतो. मागे पाणी असेल तर लेसर लागतच नाही. क्रायोची लेखणी डोळ्याच्या बाहेरून लावतात. आतून दाबाखालचा नायट्रस ऑक्साइड किंवा कार्बन डायऑक्साइड बारीक छिद्रातून सुटतो, पसरतो आणि टोक शून्याखाली कित्येक अंश उतरतं. गॅसच्या शेगडीचा सिलिंडर भराभर रिकामा होताना बाहेरून गार लागतो, त्याच जातीतलं हे.

व्रण लगेच पक्का होत नाही, दोनेक आठवडे घेतो. सिमेंटला पाणी मारत थांबतो तसं थांबावं लागतं. 'लेसर झालं ना, मग उपडं कशाला झोपायचं?' याचं उत्तर या दोन आठवड्यांत आहे.

'पट्टा घालतो' म्हणाले. तो कुठे घालतात, आणि पुढे काढायचा असतो का?

बाहेरून घालतात, बुबुळाच्या मागे, डोळा फिरवणाऱ्या स्नायूंच्या खालून. हूकने स्नायू उचलायचे, अडीच मिलिमीटर रुंदीचा सिलिकॉनचा पट्टा गोल फिरवायचा, गरजेप्रमाणे भोकाखाली जाड सिलिकॉनचा तुकडा ठेवायचा आणि पांढऱ्या भिंतीत टाके घेऊन आवळायचं. भिंत आत दबते आणि भोकाला जाऊन टेकते. पडदा भिंतीकडे येईना तर भिंत पडद्याकडे न्यायची, असं हे उफराटं डोकं आहे. टाके घेताना सुई भिंतीच्या अर्ध्या जाडीतून जाते. आरपार गेली तर भानगड. यंत्र नाही, कॉम्प्रेसर नाही, सगळा खेळ हाताचा. मला हेच ऑपरेशन बघायला जास्त आवडतं.

तरुण पेशंट, ज्यांचं जेल अजून घट्ट आहे आणि स्वतःचं भिंग शाबूत आहे, त्यांना बऱ्याचदा पट्टाच बरा पडतो. तो सहसा जन्मभर राहतो. बाहेरून दिसत नाही, एमआरआयला अडचण नाही. डोळा थोडा लांबट होतो, म्हणून मायनस नंबर वाढतो. क्वचित पट्टा टोचायला लागला किंवा पू झाला तरच काढतात.

'जड पाणी' वापरलं असं बिलावर दिसलं. ते काय?

परफ्लुओरोकार्बन नावाचा पारदर्शक द्रव. पाण्याच्या पावणेदोनपट जड. आत सोडला की तळाशी बसतो आणि पडदा मधून कडेकडे इस्त्री केल्यासारखा सपाट करत, मागचं पाणी भोकातून बाहेर ढकलतो. काम झालं की सहसा त्याच बैठकीत काढून घेतात. महाग आहे, पण गुंतागुंतीच्या पडद्याला त्याच्याशिवाय सर्जनचे हात बांधल्यासारखे होतात.

गॅस की तेल? आणि गॅस असताना घाट चढला तर काय होतं?

दोन्ही आतून टेकू देणारे. गॅस आपोआप विरतो, तेल काढावं लागतं.

गॅस मुख्यतः दोन. सल्फर हेक्झाफ्लोराइड साधारण दोन आठवडे राहतो. वीज उपकेंद्रातल्या ब्रेकरमध्ये असतो तोच, इथे वैद्यकीय शुद्धतेचा. परफ्लुओरोप्रोपेन दोन महिन्यांच्या आसपास टिकतो. हे गॅस शुद्ध भरले तर फुगतात, म्हणून हवेत मिसळून ठरावीक प्रमाणात भरतात. ते मिश्रण करायची सिरिंज मी आणि सिस्टर दोघं मिळून वाचतो, मोठ्याने.

बुडबुडा वर तरंगतो, म्हणून भोक जिकडे असेल ती बाजू वर राहील असं डोकं ठेवायचं. सगळ्यांनाच उपडं झोपावं लागतं असं नाही. डॉक्टर सांगतील ती कूस खरी. काही दिवसांनी डोळ्यापुढे स्पिरिट लेव्हलसारखी रेघ दिसते. वरच्या बाजूने उजळतं आणि रेघ रोज खाली सरकते. बुडबुडा खरा वर असतो, पण पडद्यावर चित्र उलटं पडत असल्यामुळे तो खाली वाटतो. घाबरून फोन करू नका, ती चांगली खूण आहे.

आता घाट. उंचावर हवेचा दाब कमी, दाब कमी की गॅस फुगणार, आणि डोळा तर फुग्यासारखा ताणत नाही. मग आतला दाब चढतो, डोळा ठणकतो आणि नजर जाऊही शकते. विमान म्हणूनच बंद: उजळाईवाडी विमानतळावरून मुंबईला थोड्या वेळाचंही नको. रस्त्याचं मात्र कुणी सांगत नाही. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. कणकवली-वैभववाडीचा पेशंट ऑपरेशन करून गगनबावड्यावरून खाली उतरतो तेव्हा काही बिघडत नाही, उलट बुडबुडा किंचित आकसतो. आठ दिवसांनी तपासणीला तोच घाट चढून येताना मात्र बुडबुडा सहा-सात टक्के फुगायला बघतो. आंबा घाटाने येणाऱ्या रत्नागिरीकरांचंही तेच. एवढ्यानं दरवेळी काही होईलच असं नाही, पण काचबिंदू असलेल्या डोळ्याला हेही जड जातं. म्हणून कोकणातले आहात हे ऑपरेशनच्या आधी सांगा. पहिले काही दिवस कोल्हापुरातच पाहुण्यांकडे राहिलेलं उत्तम. पन्हाळा आणि जोतिबाही शहरापेक्षा चारशेक मीटर उंच आहेत. जोतिबाला वर गुलालही आहे. देव थांबतो.

आणखी एक: बुडबुडा आत असेपर्यंत दुसऱ्या कोणत्याही ऑपरेशनला किंवा दातांच्या डॉक्टरांकडे 'डोळ्यात गॅस आहे' हे आधी सांगायचं. भुलीचा नायट्रस ऑक्साइड रक्तातून बुडबुड्यात शिरून त्याला झपाट्याने फुगवतो. क्रायोच्या लेखणीत उपयोगी पडणारा तोच गॅस इथे वैरी होतो.

लेथवर काम करताना लोखंडाचा कण डोळ्यात घुसला. तो चुंबकाने काढतात का?

काही वेळा. छिन्नी-हातोड्याच्या कामात उडालेला कण डोळा भेदून पार पडद्यापर्यंत जातो, आणि बाहेरून जखम मुंगी चावल्याएवढी दिसते. आधी सीटी स्कॅन. धातूची शंका असताना एमआरआय नाही, कारण त्या चुंबकाने कण आत फिरेल. मग आधी जेल काढून कण मोकळा करतात, आणि बारीक चुंबकाच्या काडीने किंवा चिमट्याने बाहेर घेतात. पितळ, ॲल्युमिनियमला चुंबक लागत नाही, तिथे चिमटाच. लोखंड आत राहिलं तर गंजतं आणि तो गंज पडद्याला मारतो. डोळा चोळू नका, पाण्याचे सपकारे नकोत. वाटीसारखं काही वरून धरून थेट या. गॉगल घातला की काम दिसत नाही, हे वडीलही म्हणायचे. त्यांचा एक डोळा अधू होता.

साखर असलेल्या माणसाचा पडदा सुटला तर हत्यारं वेगळी लागतात का?

थोडी. तिथे बऱ्याचदा भोक नसतं. पडद्यावर वाढलेल्या नाजूक रक्तवाहिन्या आणि जाळी आकसून त्याला उचलतात. बारीक कात्र्या आणि टोकाला पकडणारे चिमटे घेऊन ती जाळी सोडवावी लागते, रक्त येतं, वेळ जातो.

कटर पुन्हा वापरतात का?

बनवणाऱ्या कंपन्या तो एकदाच वापरायचा म्हणून देतात. बोथट पातं कापत नाही, चावतं, आणि मग ओढ पडद्यावर येते. नळीच्या आतला भाग पुरता स्वच्छ करणंही कठीण. तुम्ही हा प्रश्न सरळ विचारा, त्यात उद्धटपणा नाही. स्टीलचे चिमटे, हूक, कॅलिपर मात्र ऑटोक्लेव्ह करून, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक करून, पुन्हा वापरायचेच असतात.

पूर्ण भूल देतात का? किती वेळ?

मोठ्या माणसांना बहुतेक वेळा डोळ्याच्या शेजारी इंजेक्शन देऊन डोळा बधिर करतात. तास-दीड तास धरा. खोकला असेल तर आधी सांगा.

मशीन कुठलं भारी? पुण्या-मुंबईला न्यावं का?

मशिनाच्या कंपनीवरून मी कुणालाच सल्ला देत नाही. मधला भाग, ज्याने वाचता येतं तो पीतबिंदू, अजून टेकलेला असेल तर एकेक दिवस मोलाचा असतो. तो सुटून गेल्यावर जगातलं कुठलंही कटर गेलेली धार पूर्ण परत आणत नाही. तेव्हा 'इथे पडद्याचे सर्जन आहेत का आणि उद्या करतील का' हे विचारा. पैशांचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत पडद्याच्या काही शस्त्रक्रिया बसतात. योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड-आधार घेऊन भेटा, ॲडमिट व्हायच्या आधी.

तेल घातलंय, दिसतंयही बरं. मग ते काढायचंच कशाला?

कारण ते फुटतं. सिलिकॉन तेल साधारण तीन ते सहा महिन्यांनी काढतात. काही गंभीर डोळ्यांत डॉक्टर मुद्दाम जास्त ठेवतात, ती गोष्ट वेगळी. जास्त राहिलं की त्याचे बारीक थेंब होतात, ते पाणी वाहायच्या जाळीत अडकतात आणि डोळ्याचा दाब चढतो. मोतीबिंदूही लवकर पिकतो. शिवाय तेलातून दिसणं म्हणजे वेगळ्या नंबरच्या चष्म्यातून दिसणं. ते खरं दिसणं नव्हे.

शिरोळकडचे एक मामा तेल घालून गेले ते दोन गळीत हंगाम फिरकलेच नाहीत. आले तेव्हा बुबुळाच्या वरच्या कडेला, आतून, पांढरा थर साचला होता. तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून थर वर. मामींना वाटलं डोळ्यात साय धरली. त्या दिवशी मी ट्रॉलीवर पुन्हा तीच हत्यारं लावली, तीन कॅन्युला, दिवा, ओढायची सिरिंज, आणि तेल निघालं तरी थेंब येतच राहिले, म्हणून हवा-पाणी, हवा-पाणी असं चार वेळा धुतलं.